धुऱ्यावरचं गवत

कळंबच्या एका कृषी केंद्रात औषधं विकणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून आधी "काहून?" विचारतात. मालकाला ही सवय आवडत नाही.

मी तणनाशक मागितलं.

"काहून?"

"शेताच्या धुऱ्यावरचं गवत मारायचं हाये."

"त्यानं पिकाले काय त्रास देल्ला?"

"शेजाऱ्यानं मारलं, त्याचा धुरा साफ दिसते," मी म्हणालो.

"म्हणजे निस्तं दिसण्यासाठी!" त्यांनी मालकादेखत डबा परत फळीवर ठेवला.

यंदा बांधावरच्या त्या गवतात तितराची पिल्लं निघाली. मी आनंदानं सांगायला गेलो.

"मंग ते उडेपर्यंत इळाबी लावू नका, भाऊ," ते म्हणाले.

मी लावला नाही.