काकूंचं ‘साह’

परदेशात आल्यावर मला इंग्रजी वाचायला शिकवलं ते मॉरिसव्हिलच्या काकूंनी. मी सातवीत शाळा सोडलेली, त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचे. त्या विद्यापीठात प्राध्यापक होत्या. इंडोनेशियात डच गेल्यावर लोकशाही कशी रुजली, यावर आयुष्यभर लिहीत आल्या. माझे धडे त्यांच्याच पुस्तकातून.

“मला नाही जमायचं, काकू.”

“माझे विद्यार्थी तरी कुठे पूर्ण वाचतात? वाच तू.”

इंडोनेशियात मतमोजणी गावासमोर होते. एकेक मतपत्रिका उघडून दाखवतात आणि मत ग्राह्य असलं की लोक ‘साह’ म्हणून ओरडतात. माझं वाक्य बरोबर आलं की काकूही जेवता जेवता ‘साह’ म्हणायच्या.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. मुलगा त्यांना आपल्या घरी, फ्रिस्कोला न्यायला आला, त्या सकाळी मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. प्रत्येक वाक्यापाशी थांबत होते. काकू नुसत्या बघत राहिल्या. बरोबर आलं की चुकलं, कळेना.

“ताई, फ्लाइट मिस होईल,” मुलगा हळूच म्हणाला.

काकू, उरलेली पानं मी रोज मोठ्याने वाचते. तुमचे उपकार फेडायला माझ्याकडे दुसरं काही नाही. एक दिवस फ्रिस्कोला येईन आणि तुमच्यासमोर बसून ते प्रकरण शेवटपर्यंत वाचून दाखवीन.