आतून कडी असलेलं घर

मार्थाबाई पाहुण्यांच्या पिशव्या दारातच उघडायच्या. डबा, पाण्याची बाटली, खोकल्याचं औषध, सगळ्याचा वास घ्यायच्या. कोणी चिडलं तर म्हणायच्या, "माझा इश्वास हाय तुमच्यावर. नाकाचा न्हाई."

नगरजवळ नागापूरला, कारखान्यांच्या मागे, भाड्याच्या घरात त्या दारू सोडलेल्या बायकांना ठेवून घेत. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या, पण लगेच घरी गेल्या तर पुन्हा पितील अशा बायका. दिवसा काम, संध्याकाळी मिळून स्वयंपाक, दारूचा थेंब नाही. हे घर हलवा म्हणून गल्लीने घरमालकाला गाठलं होतं. गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मार्थाबाई म्हणायच्या, "बाप्या प्याला की दमून आला म्हनत्यात. बाई प्याली की गल्ली नासती."

सविता तिथे राहत होती. एका रविवारी कोल्हारहून तिची आई आणि भाऊ आले. आईच्या पिशवीत अशक्तपणावरच्या अरिष्टाची बाटली निघाली. अरिष्टात मद्यार्क असतो. मार्थाबाईंनी ती मोरीत ओतली.

"अवो, औषध हाय ते! बाळंतिणीला बी देत्यात," आई रडू लागली.

"बाळंतिणीला द्या, मावशी. हिला दिलंत तर उद्या ही गुत्त्यावर दिसंल."

भाऊ पुढे आला. "आमच्या आईला शिकवतीस व्हय? सविते, चल घरी!"

"दादा, तुमी फाटकात हुता तवाच तुमच्या तोंडाचा वास आत आला," मार्थाबाई म्हणाल्या. मग सविताकडे वळल्या. "कडी आतून हाय. जायचं तर तूच काढ."

सविताची मुलगी भावाच्या घरी होती. आज आली नाहीस तर लेकीचं तोंड दिसणार नाही, असं तो म्हणाला.

सविताने कडी काढली. आई आणि भाऊ बाहेर पडल्यावर तिने ती पुन्हा लावली आणि कणीक मळायला बसली.

भावाने शब्द पाळला. मुलीला फोनवरही बोलू देत नाहीत. तो स्वतः रोज पितो. मुलगी त्याच्याच घरात वाढते आहे आणि गावात कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

यंदा मार्थाबाई हृदयविकाराने गेल्या. दफनाला गल्ली लोटली. घर हलवा म्हणणारेच सांगत होते, बाई पुण्याचं काम करायच्या. संध्याकाळी घरमालक आला. दार सविताने उघडलं.

"बाई तर गेल्या. आता घर कधी मोकळं करताय?"

"बाई गेल्यात. आमी हाय," सविता म्हणाली. "आन हळू बोला. नवी आलेली आत्ता कुठं झोपलीय."