टाच आणि चवडा

पन्नाशीत मी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. बायको एवढंच म्हणाली, "आधी तिच्यात पोट मावतंय का बघा."

गाडी चालवायला शिकवत होते आमचे साताऱ्यातले मिस्त्री, फौजेतले जुने ड्रायव्हर. गाडीत बसले की उजवी चप्पल काढायचे. वळणाआधी अनवाणी चवडा ब्रेकवर दाबायचा, त्याच वेळी टाचेनं ॲक्सिलरेटरला जरासा टोला द्यायचा आणि गिअर खाली घ्यायचा. धक्का म्हणून बसायचा नाही. मी केलं की गाडी उड्या मारायची. मग ते विचारायचे, "सायेब, म्हशीवर बसलाय व्हय?"

परवा मेढ्याच्या रस्त्यावर उतारावरचं वळण आलं. त्यांनी ब्रेक दाबला, पण इंजिन गर्जतच राहिलं. टाच ॲक्सिलरेटरवरून उठलीच नाही. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी कठड्याला घासत गेली.

मिस्त्री वाकून स्वतःचा पाय बघत होते. टाचेत पत्र्याचा तुकडा रुतला होता आणि भोवतालचं रक्त कधीच वाळलं होतं. टायरमधला खिळा काढावा तसा त्यांनी तो उपसला.

"साखरेनं पाय बधिर झालाय. टाच कुठं हाय त्येच कळत न्हाई. घरी बोलू नगा, गाडीला हात लावू द्याची न्हाईत."

परतताना गाडी मी चालवली, थेट त्यांच्या दारापर्यंत. टाचेला गुंडाळलेलं फडकं पाहून त्यांची बायको धावत आली. "आवं, काय झालं?"

"पत्रा लागला. लय ठणकतंय गं," मिस्त्री म्हणाले आणि लंगडू लागले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हो ना, सगळ्या रस्त्यानं कण्हत होते."