सिस्टरची सही

प्रेमिला गजभियेच्या तोंडी लागू नये, हे खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरालाही पहिल्या आठवड्यातच कळायचं. पस्तीस वर्षं ती तिथं सिस्टर होती आणि पस्तीस वर्षांत तिचं कुणाशीही धड पटलं नाही. सुरुवातीच्या काळात कंपाउंडरनं बोथट सुया नुसत्या गरम पाण्यातून काढल्या म्हणून तिनं सगळा ट्रे मोरीत उपडा केला होता. एका बड्या साहेबाच्या बायकोनं ताकदीचं इंजेक्शन घरी येऊन द्यायचा निरोप धाडला, तेव्हा ही गेली. भरल्या बैठकीत तिनं डॉक्टरची चिठ्ठी मागितली आणि चिठ्ठी नाही म्हटल्यावर आपला डबा उचलून परत आली. साहेबानं मेमो दिला. तो तिनं जपून ठेवला आणि पुढं येणाऱ्या प्रत्येक साहेबाला न विचारता दाखवला.

नवरा, मनोहरराव, त्याच केंद्रात कोळसा विभागात होते. दिवसभर कोळशाचा खडखडाट ऐकून घरी आलेला माणूस बायकोचा आवाज निमूट ऐकून घ्यायचा. 'तू म्हनशील तसं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनाही ती कधी त्यावरून टाकून बोलायची, की माणसाला स्वतःचं काही मत असावं की नाही.

सांगायचं एवढंच, की बाई कडू होती, पण तिच्या हातून इंजेक्शन घेतलेल्या एकाही कामगाराचा दंड कधी पिकला नाही. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यात बोट सापडलेला माणूस आला की ती आधी त्याचं नख दाबायची आणि मनात दोन अंक मोजायची. दाबल्यावर पांढरं झालेलं नख तेवढ्यात गुलाबी झालं तर ठीक. नाही झालं तर रक्त पोचत नाही, गाडी काढा. डॉक्टर जेवायला गेलेला असला तरी गाडी निघायची.

मग ती रिटायर झाली आणि दोघं शहरात, इंदोऱ्याच्या घरात राहायला आली. तिथं तिला सिस्टर म्हणणारं कुणी नव्हतं. गल्लीतल्या सुना तिला मोठीआई म्हणू लागल्या आणि त्या शब्दाचाही तिला राग यायचा. भांडायला भाजीवाला तेवढा उरला होता. सहा महिन्यांत ती वाळली. म्हणून रामदासपेठेतल्या एका स्किन क्लिनिकला अनुभवी सिस्टर हवी आहे असं कळलं, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून तिथं हजर झाली.

क्लिनिक सुमंत नावाच्या पस्तिशीतल्या माणसाचं. हा गृहस्थ कॉमर्सचा पदवीधर, आधी औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवायचा. मग कुठंतरी तीन दिवसांचा कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट सोनेरी चौकटीत भिंतीवर लावलं आणि ओठात, गालात फिलर भरायला सुरुवात केली. फिलर म्हणजे सुईनं कातडीखाली भरायची जेलीसारखी वस्तू. बाहेरच्या पाटीवर एका खऱ्या डॉक्टरचं नाव होतं. तो महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जायचा. सुमंतनं स्वतःच्या नावामागं डॉक्टर लिहिलं नव्हतं. पण बाया त्याला डॉक्टर म्हणायच्या आणि तो कधी त्यांची चूक दुरुस्त करायचा नाही. असली माणसं फार हुशार असतात. खोटं ती स्वतःच्या तोंडानं बोलत नाहीत, दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतात.

प्रेमिलाबाईला हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. तिनं विचारलं, फिलर चुकून रक्ताच्या नळीत गेलं तर ते विरघळवायचं इंजेक्शन कुठं आहे? फ्रीजमध्ये तर फेशियलचे मास्क आणि कोल्ड्रिंक आहे. सुमंत हात जोडून म्हणाला, सिस्टर, ऑर्डर दिली आहे, तुम्ही आलात म्हणजे आता सगळं शिस्तीत होईल. पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. फिलरच्या डब्यात बॅच नंबरची चिकटपट्टी असते, ती पेशंटच्या फाइलवर लावायची असते. ती लावू लागली तर त्यानं गोड बोलून थांबवलं, म्हणाला, फाइल घाण दिसते. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. पट्टीही लावली नाही.

काहून? तिनं स्वतःला हा प्रश्न पुढं हजारदा विचारला आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं. तिथं सगळे तिला सिस्टर म्हणत. एसीच्या गारव्यात, काचेच्या दारामागं, चांगल्या घरच्या पोरी तिचा हात धरून विचारायच्या, 'सिस्टर, दुखेल का वं?' आणि सुमंत फॉर्म पुढं करून म्हणायचा, 'तुमची सही असली ना सिस्टर, की पेशंटले भरोसा वाटते.' सही 'उपचार करणारे' या शब्दांपुढं करायची होती. तिनं ते शब्द वाचले होते. जन्मभर कागद वाचल्याशिवाय तिनं सही केली नव्हती. हात धरायला, बर्फ लावायला आपण असतोच, म्हणजे करणाऱ्यांत आपणही आलोच, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि खाली आपला रजिस्ट्रेशन नंबरही टाकला, वळणदार अक्षरात. मनोहररावांनी एकदा चाचरत विचारलं, तिथं डॉक्टर कोन आहे वं नेमका? ती त्यांच्यावर खेकसली.

एप्रिलमध्ये मेघा भोयर आली. मानेवाड्याची, बँकेत नोकरी, तीन आठवड्यांवर लग्न. ओठ थोडे भरून हवे होते. दुपारी बाराच्या सुमारास सुमंतनं वरच्या ओठात सुई घातली. पोरगी एकदम कळवळली. सुमंत हसून म्हणाला, एवढं तर होतंच, आणि आरसा आणायला वळला. प्रेमिलाबाईनं ओठाकडं पाहिलं. डाव्या बाजूला खडूसारखा पांढरा डाग पडला होता आणि तो नाकपुडीकडं सरकत होता.

तिनं बोटानं दाबलं. एक, दोन. तीन, चार, पाच. पांढरं ते पांढरंच राहिलं. भोवती निळसर जाळी उमटू लागली होती.

"रक्त थांबलं आहे," ती म्हणाली.

सुमंतनं तिला बाजूला ओढलं. सूज आहे, बर्फ लावा, पोरीसमोर असलं बोलू नका, असं तो दातओठ खात कुजबुजला. बर्फानं उरलंसुरलं रक्तही आखडेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला होतं. विरघळवायचं इंजेक्शन काढ, असं ती म्हणाली. आता ती त्याला अहो-जाहो करत नव्हती. ते कधी आलंच नव्हतं. फ्रीज उघडायचीही गरज नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी आग स्वतःवरची होती. तिनं कचऱ्याच्या पेटीत हात घालून फिलरचा रिकामा डबा शोधून काढला, कोटाच्या खिशात टाकला आणि मेघाला खुर्चीवरून उठवलं.

सुमंत दारात आडवा आला. "विचार करा सिस्टर. बाहेर गेल्या तर मी सांगीन, तुम्हीच टोचलं. फॉर्मवर सही कोनाची आहे?"

"माझी आहे," ती म्हणाली. "हट बाजूले."

तो हटला नाही, तेव्हा तिनं खांद्यानं ढकलून त्याला हटवलं. साठीची बाई, पण कामगारांना स्ट्रेचरवर उचलून घातलेला खांदा होता तो. ऑटोत मेघा रडत होती, ओठ जळतो म्हणत होती. प्रेमिलाबाईनं तिला धीराचं एक अक्षर सांगितलं नाही. खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायची आता हिंमत नव्हती. ती सारखी रस्त्याकडं पाहत ऑटोवाल्याला शिव्या घालत राहिली.

धंतोलीच्या हॉस्पिटलात त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईनं पहिला प्रश्न विचारला तो काय भरलं याचा. फाइलवर पट्टी आहे का? पट्टी नव्हती. प्रेमिलाबाईनं खिशातून डबा काढला. वस्तू विरघळणारी होती, हे नशीब. मग दर तासाला पुन्हा पुन्हा इंजेक्शनं, कोमट शेक, मालिश. पाच वाजता ओठ दाबल्यावर सावकाश का होईना, लाली परत येऊ लागली. ओठ वाचेल, नाकाखाली छोटा डाग मात्र राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तोवर मेघाची आई, वंदनाबाई, पोचली होती. सुमंतनं तिला आधीच फोन केला होता आणि फॉर्मचा फोटो पाठवला होता. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत तिनं मोबाइल प्रेमिलाबाईच्या नाकासमोर धरला.

"ही सही तुमची हाय का नाही?"

"आहे. पण सुई मी नाही टोचली. त्यानं टोचली. तो डॉक्टर नाही."

"हे तुमाले आजच समजलं?"

प्रेमिलाबाईनं खोटं सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यातच समजलं होतं, असं ती म्हणाली. औषध ठेवलेलं नव्हतं तेही माहीत होतं का, असं वंदनाबाईनं विचारलं. तेही माहीत होतं.

वंदनाबाईनं तिच्या पांढऱ्या कोटाकडं पाहिलं. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "माही पोरगी घाबरट आहे. मले म्हने, आई, तिथं मोठ्या दवाखान्यातली सिस्टर आहे, काही होत नाही. ती त्याच्या भरोशावर नव्हती गेली वं बाई. तुमच्या भरोशावर गेली होती. त्याले तर काही येतच नव्हतं. तुमाले येत होतं."

एवढं बोलून वंदनाबाई आत गेली. प्रेमिलाबाई तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार द्यायला निघाली. सुमंतचा माणूस आदल्या संध्याकाळीच घरी येऊन गेला होता; तक्रार केली तर सही कोर्टात दाखवू, रजिस्ट्रेशन जाईल, पेन्शनीच्या वयात बेअब्रू होईल, असं सांगून गेला होता. मनोहररावांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं मत मांडलं. त्यानं जबरदस्तीनं सह्या घेतल्या असं लिही, ते म्हणाले, वय पाहून लोक मानतील. ती त्यांच्यावर ओरडली नाही. "कोनी हात नाही धरला माहा," एवढंच म्हणाली.

आरोग्य खात्याच्या ऑफिसात कारकुनानं छापील अर्ज दिला. तिनं तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. तक्रारदाराच्या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं. तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात सुमंतचं नाव लिहिलं आणि त्याच्या वर, जागा पुरवून पुरवून, पुन्हा आपलं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लिहिला.

कारकुनानं अर्ज पाहिला आणि दुसरा कोरा फॉर्म तिच्यापुढं सरकवला. "बाई, तुमचं नाव चुकून दोन्हीकडं पडलं. नवीन लिहून आणा."

"चुकून नाही पडलं," प्रेमिलाबाई म्हणाली. "शिक्का मारा."