अण्णाचे खांदे

आमच्या गावच्या चौकात युद्धात कामी आलेल्या जवानाचा फ्लेक्स लागला आहे. चेहरा त्याचाच, जुन्या फोटोतला, थोडा लाजरा. पण गळ्याखाली कुठल्याशा कमांडोचं धड चिकटवलंय. फुगलेले दंड, छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात मशीनगन. खाली पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि तेही त्याच्यापेक्षा मोठे.

जवानाची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या शेजारच्या तानूआत्या, बराच वेळ वर बघत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "आमचा अण्णा काडीवानी व्हता. खांदं पडल्यालं. पलटणीत सैपाक करायचा. वरच्या चौकीवर गरम चपात्या घिऊन निघाला व्हता, तवाच तोफेचा गोळा पडला."

फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष बाजूलाच उभा होता. "आत्या, हातात पोळपाट दाखवला तर हार कोण घालंल?" असं म्हणून तो हसलाही.

मला शिसारी आली. तोफा चालू असताना ज्याला दुसऱ्यांची भूक आठवली, तो माणूस आम्हाला शोभेसाठी पुरेना. म्हणून आम्ही त्याचं डोकं तेवढं ठेवलं आणि बाकीचा माणूस टाकून दिला. आता सगळे त्या धडाला सलाम ठोकत होते, फोटो काढून घेत होते.

कार्यक्रम सुरू झाला आणि हार घालायला माइकवरून आत्यांचं नाव पुकारलं. त्या हार घेऊन पुढे गेल्या, फ्लेक्सपाशी थांबल्या आणि परक्या पुरुषासमोर सावरतात तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला.