ताराबाईचे पाव्हणे

ताराबाई हसली की मागच्या बांधीत धान निंदणाऱ्या बायांना बसल्या जागी कळायचं. "चालली तारी," म्हणत त्याही हसायच्या. कशाला हसतोय हे ठाऊक नसलं तरी.

नाकाडोंगरीच्या अलीकडच्या गावात अगदी रस्त्याला लागून त्यांचं घर. नवरा गोपीचंद अबोल. तुमसरच्या राईस मिलमध्ये मशीनच्या खडखडाटात त्यानं तीस वर्षं काढली होती. घरी आल्यावर कोणी गप्प बसू दिलं तर त्याला ते सुखच वाटे. त्याच्या वाटचंही ताराबाईच बोलायची.

एका श्रावणात वादळानं भलंमोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं आणि एसटी त्यांच्या घरासमोर अडकली. झाड तोडायला माणसं यायची होती. ताराबाई पदर खोचून बसच्या दाराशी गेली.

"आतमंधी बसून माशा मारून राहिले का? उतरा, माह्या घरी चाला!"

अख्खी बस अंगणात आली. घरात दूध अर्धा लिटर. तिनं काळा चहा उकळला, मुरमुऱ्याचं पोतं सोडलं आणि कंडक्टरला कांदे चिरायला बसवलं. ड्रायव्हर धनीराम तेवढा संकोचून फाटकातच थांबला होता.

"काहून उभे जी? बहिणीच्या घरी कोणी असं उभं राह्यते का?"

धनीरामला बहीण नव्हती. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो साडी घेऊन आला, आणि गावची मंडई पाहूनच परतला. मग दरवर्षी येत राहिला, लग्न झाल्यावर बायकोला, साधनाला घेऊन.

मंडई म्हणजे तिचा जीव की प्राण. दिवाळी सरली की इकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, पाळणे लागतात, घराघरात पाव्हणे उतरतात. ताराबाई रस्त्यात भेटेल त्याला आवतण द्यायची. वडे तळता तळता लेक दीपमाला एकदा वैतागली.

"माय, इतके लोक कायले बोलावतं वं?"

"अवं, पाव्हण्याबिगर मंडई म्हंजे नुसता बजार!"

दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयानं कुरकूर सुरू केली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, चूल बंद केली. गोपीचंदनं साठाव्या वर्षी हातात पळी धरली. पहिल्या दिवशी त्यानं केलेली भाजी तिनं चाखली, डोळे मिटले.

"एवढं बेचव करालेबी हुशारी लागते जी," ती म्हणाली आणि खोकला येईस्तोवर हसली. भाजी मात्र तिनं सगळी संपवली.

चैत्रात ती गेली. दुपारी अंगणात चटईवर मोहफुलं वाळत होती, ती बसल्या बसल्या हातानं पालटत होती. गोपीचंदनं पाणी आणून दिलं. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "यंदा फुलं चांगली पडली." मग भिंतीला टेकली, ती पुन्हा उठली नाही.

गोपीचंद रडला नाही. लोकांना काळजी वाटली, दीपमालाला भीती वाटली. तो शेतात जायचा, भात रांधायचा, जेवायचा. पण एसटीचे ड्रायव्हर घरासमोरून जाताना सवयीनं तिच्यासाठी हॉर्न वाजवत, तेव्हा तो उठून आत जाई.

दिवाळी आली. मंडईच्या सकाळी त्यानं पिशवी भरली. दीपमालाकडे तुमसरला जायचं, दोन दिवस घर बंद ठेवायचं, असं त्यानं तिला न विचारताच ठरवलं होतं. कडी लावत होता तोच फाटक वाजलं. धनीराम आणि साधना उभे होते.

"कुठी निघाले भाऊजी?"

"पोरीकडे." गोपीचंद खाली पाहत म्हणाला. "यंदा मंडई नाही आपल्या घरी. ती नाही तं..."

"मी बहिणीच्या घरी येऊन राहिलो जी. घर तं आहे ना तिचं?" धनीराम म्हणाला. साधनानं गोपीचंदच्या हातातली पिशवी घेतली आणि ओसरीवर ठेवली.

तासाभरात आणखी पाचसहा जण आले. कोणी बाजारात भेटलेलं, कोणी दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर असलेलं. गोपीचंदनं दीपमालाला फोन केला, "बाई, तूच ये. पाव्हणे आले." ती जावयाच्या गाडीवर तडक आली आणि तिनं कढई चढवली.

जेवणं झाली, आणि ओसरीवर शांतता पसरली. अशा वेळी बोलणारी नव्हती. सगळ्यांनी गोपीचंदकडे पाहिलं. त्यानं घसा खाकरला.

"मी तिले पाहाले गेलो ना, तं मानसं आपसात बोलत होती. ही चहा घेऊन आली अन् हळूच मले इचारते, 'तुमाले हासता येते का?'"

"मंग तुमी काय म्हणाले बाबा?" दीपमालानं विचारलं.

"काय म्हणतो! घाबरून बशी सुटली हातातून. चहा तिच्या बापाच्या धोतरावर. बुडा असा उडाला..." गोपीचंद जागचा उठून सासऱ्यासारखा उडून दाखवायला लागला.

ओसरी हसून लोटपोट झाली. त्यांच्यात गोपीचंदही हसत होता, आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांतून इतक्या महिन्यांचं पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. धनीराम सरकून त्याच्याजवळ बसला.

दुपारी सगळे मिळून मंडईत गेले. पाळण्याजवळ एक म्हातारा बांगडीवाला जमिनीवरच भाकरीचं फडकं सोडत होता. गोपीचंद त्याच्यापाशी थांबला, थोडा घुटमळला.

"इथं काहून जेवता?" तो म्हणाला. "घर जवळच आहे. चाला."