चिकटलेली आभाळं

जळगावात माझं फोटोफ्रेमचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. नव्वदच्या आसपासचा मे महिना. धुळ्याहून एसटीने एक गृहस्थ आले, मांडीवर सांभाळत आणलेला चित्रांचा गठ्ठा घेऊन. दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका शाळेत त्यांचं प्रदर्शन होतं. सगळी चित्रं अ‍ॅक्रिलिकची, सगळी मावळतीची आभाळं. एकाही चित्रात माणूस नव्हता. फ्रेमला देताना प्रत्येकाला ते बोटांच्या पाठीने हात लावत होते, कपाळाचा ताप बघावा तसा.

शेवटची दोन त्यांनी तोंडाला तोंड लावून बांधली होती. आमच्याकडच्या उन्हात अ‍ॅक्रिलिक मऊ होतं. दोन्ही घट्ट चिकटली होती. एवढं रंगवता येतं आणि बांधता येत नाही? मी वैतागून सोडवायला पातं घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

“राहू द्या भाऊ. त्यास्ले तरी सोबत मिळनी.”

तोवर ते शुद्ध मराठीत बोलत होते; ‘त्यांना तरी सोबत मिळाली’ एवढंच अहिराणीत निघालं.

मी ती जोडी तशीच फ्रेम केली. प्रदर्शनाला गेलो, तर शाळेच्या हॉलमध्ये ते एकटेच बसलेले. भिंतीवर आभाळांच्या रांगेत त्या जोडीची कोरी पाठ टांगलेली होती. खुर्ची त्यांनी नेमकी तिच्यासमोर ठेवली होती.